'प्रायश्चित्त' आणि वेदी

मराठी बायबलात हिब्रू 'किप्पेर' या क्रियापदासाठी 'प्रायश्चित्त' हा शब्द रूढ झाला, पण त्याने अर्थाची दिशाच बदलते. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त पापी स्वतः घेतो. लेवीय ग्रंथाच्या 17व्या अध्यायानुसार मात्र वेदीवरचे रक्त ईश्वरानेच मनुष्याला दिलेले आहे. वेदीवर मनुष्य जे अर्पितो, ते त्याला आधीच मिळालेले असते. इब्री लोकांस पत्रात तर याजकही ख्रिस्त आणि बळीही तोच. शिवाय हे अर्पण एकदाच, कायमचे. तेव्हा क्रूसमरणाला कोपलेल्या देवाची मनधरणी ठरविणारी समीक्षा अपुरी होय. (नवसाची परिभाषा येथे फारशी उपयोगी नाही.) रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या ख्रिस्तभक्तीतील कृतज्ञतेचा स्वर ईश्वराच्या या दातृत्वावाचून उलगडणे कठीण आहे.