ओंजळीतला सूर

भाच्याच्या हाती माउथ ऑर्गन दिला तो मीच, त्याच्या मुंजीत. 'मुलाला घड्याळ द्यायचे सोडून!' म्हणून ताईने मला जे ऐकवले, ते सगळे या सदरात छापण्यासारखे नाही. दहावीच्या वर्षी भाऊजींनी ते वाद्य कपाटात कुलपात ठेवले. तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

पुढे पोरगा शिकागोला नोकरीला लागला. गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा एका संध्याकाळी तो हळूच म्हणाला, "मामा, माझे वाजवणे ऐकायला येता? ब्लूजची बैठक आहे."

बैठक कसली! एका बारचा अंधारा कोपरा, विजेवरच्या दोन गिटारी, ड्रम आणि दाराशी एक वही. वाजवायचे त्याने वहीत नाव लिहावे, पुकारा झाला की चढावे. तालीम नाही. पट्टी तेवढी सांगायची. बारा आवर्तनांचे चक्र सर्वांना पाठ.

त्या गिटारींपुढे एवढ्याशा वाद्याचे काय ऐकू येणार? लुइझियानातून याच शहरात आलेल्या लिटल वॉल्टरने वाद्य आणि छोटा मायक्रोफोन एकाच ओंजळीत घट्ट धरला, तार अँप्लिफायरला जोडली, आणि सॅक्सोफोनसारखा भरदार, घोगरा सूर काढला. हे करणारा तो एकटा नव्हता. पण १९५२ साली त्याची 'जूक' ही तबकडी निघाली, तिच्यात गाण्याचा एक शब्द नसून ती अमेरिकेतल्या र्‍हिदम अँड ब्लूजच्या यादीत आठ आठवडे पहिली राहिली. १९६८ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी, तो गेला.

वाटेत भाच्याने आणखी एक गोष्ट समजावली होती. 'सी' पट्टीचे वाद्य घेऊन 'जी' पट्टीत वाजवायचे, म्हणजे त्याच्या पंचमालाच षड्ज मानायचे. मी मनाशी स्वर लावून पाहिले तो निषाद कोमल! अहो, हा तर आपला खमाज थाट! शिवाय शुद्ध गंधार ते श्वासाच्या ताणाने मींडेसारखा खाली ओढतात. आणि इथले मुख्य स्वर फुंकून नव्हे, श्वास आत घेऊन निघतात. हुंदका देतानाही माणूस श्वास आतच घेतो की!

भाच्याचे नाव पुकारले गेले. त्याने आवाज वाढवला मात्र, अँप्लिफायरमधून निघालेला सूर मायक्रोफोनने पुन्हा गिळला आणि कॉलेजच्या स्नेहसंमेलनात होते तशी कर्कश शिट्टी फुटली. त्या घाबरगुंडीत तो गाणाऱ्या बाईंच्या ओळीवरच वाजवू लागला. म्हाताऱ्या गिटारवाल्याने नुसती मान हलवली. पोर थांबले. एक चक्र गेले, दुसरे गेले. ओंजळ मिटलेली, नजर जमिनीवर. आता हा उतरणार, असे मला वाटले.

तिसऱ्या चक्रात ओळ संपवून बाईंनी त्याच्याकडे पाहिले. त्याने एकच स्वर घेतला, तो ओढलेला गंधार, आणि धरून ठेवला. गिटारी आपण होऊन हळू झाल्या. शेजारच्या टेबलावरचा एक गृहस्थ पेला खाली ठेवून ऐकू लागला.

परतताना आगगाडीत मध्यरात्र झाली होती. त्याचा ओठ फुटला होता.

"कसे झाले, मामा?"

"ताईला फोन लाव," मी म्हणालो. "तिकडे सकाळचे साडेदहा झाले असतील."