परीक्षानळीतील यशाची किंमत

एमआरआय तपासणीच्या वेळी अनेक रुग्णांच्या शिरेत ‘कॉन्ट्रास्ट’ या नावाने ओळखले जाणारे द्रव्य टोचले जाते. त्यात बहुधा गॅडोलिनियम या धातूचे संयुग असते. त्याच्या सान्निध्यात आलेले पाण्याचे रेणू वेगळा संकेत देतात आणि शरीराचा तेवढा भाग चित्रात उजळतो. मात्र द्रव्य कोठे पोचले एवढेच त्यावरून कळते. तेथे काय घडत आहे, हे कळत नाही. ही उणीव दूर करण्यासाठी ‘प्रतिसादी’ द्रव्यांचा शोध सुरू झाला. विशिष्ट विकर, आम्लता अथवा कॅल्शियम, जस्त यांसारखा आयन भेटला म्हणजे या द्रव्यांचा उजेड बदलावा, अशी ही योजना आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये टॉमस मीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये असे एक द्रव्य जाहीर केले. त्यात गॅडोलिनियमवर साखरेच्या रेणूचे झाकण होते. एका विकराने ते तोडले की पाण्याला वाट मिळे. २००० साली बेडकाच्या जिवंत भ्रूणात ही युक्ती सिद्ध झाली. परंतु त्यासाठी द्रव्य थेट पेशींत टोचावे लागले, कारण ते आपण होऊन पेशीत शिरत नव्हते. त्यानंतर पाव शतक लोटले, तरी अशी प्रतिसादी द्रव्ये रुग्णालयांच्या नित्य वापरात आलेली नाहीत.

याचे कारण बुद्धीच्या तोकडेपणात नाही, चाचणीच्या स्वरूपात आहे. परीक्षानळीतील शुद्ध पाण्यात द्रव्य किती घातले, हे संशोधकाला ठाऊक असते. शरीरात ते ठाऊक नसते. एखादी जागा उजळली, ती विकरामुळे की तेथे द्रव्यच अधिक साचल्यामुळे, याचा उलगडा नुसत्या चित्रावरून होत नाही. शिवाय रक्तातील प्रथिने आणि बायकार्बोनेट, फॉस्फेट यांसारखे आयन द्रव्याशी गुंततात, तापमानाने संकेत बदलतो, आणि कमी चुंबकीय क्षेत्रात ठळक दिसलेला फरक रुग्णालयातील बलवान यंत्रात फिका पडू शकतो. म्हणूनच केवळ पाण्यात मिळालेल्या आकड्यांवर विसंबणे म्हणजे तळ्यात पोहून समुद्राची परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे मानणे होय.

या चाचण्या कंटाळवाण्या असतात हे खरे. परंतु त्या अपुऱ्या राहिल्या तर काय होते, याचा धडा साध्या कॉन्ट्रास्टनेच दिला आहे. गॅडोलिनियमयुक्त द्रव्याला पहिली मान्यता १९८८ मध्ये मिळाली. मूत्रपिंडे निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा व सांधे ताठरवणाऱ्या व्याधीशी अशा द्रव्यांचा संबंध उघड झाला तो २००६ मध्ये. मेंदूत धातूचा अंश मागे राहतो असे दिसल्यावर युरोपीय औषध नियामकांनी २०१७ मध्ये काही द्रव्यांवर निर्बंध घातले. मग झाकण उघडल्यावरही धातूवरील पकड सैल होत नाही ना, हा प्रश्न प्रतिसादी द्रव्यांना अधिक कसोशीने विचारला पाहिजे.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उपस्थित होतो. रोज घ्यावयाच्या औषधाला बाजारपेठ असते. एकाच विकाराचा शोध घेणारे आणि वर्षाकाठी एखाद्या वेळी टोचावयाचे द्रव्य खपणार किती? मान्यतेचा खर्च मात्र त्या प्रमाणात घटत नाही. त्यातच ‘हे द्रव्य रक्तद्रवात निष्प्रभ ठरले’ असा निष्कर्ष छापून कोणाचा नफा होत नाही, कोणाला बढतीही मिळत नाही. तो छापला न गेल्यामुळे दुसरी प्रयोगशाळा तीच चूक पुन्हा पैसे मोजून करते. ज्याचा लाभ सर्वांना आणि मोबदला कोणालाच नाही, अशा कामाचा भार बाजार उचलत नसतो.

तो भार सार्वजनिक निधीनेच उचलला पाहिजे. अनुदान देताना रक्तद्रवातील, शरीराच्या तापमानावरील आणि रुग्णालयीन यंत्रावरील चाचणीची अट घालावी, तसेच अपयशाचे निष्कर्ष प्रसिद्ध करणे बंधनकारक करावे. प्रयोगशाळेत वाचवलेला पैसा अखेर कोणीतरी फेडतोच. तो फेडण्याची पाळी यंत्रात निजलेल्या रुग्णावर येऊ नये.