दाद न देणारे जंतू

आमच्या कंधारला दवाखान्यातून परतलेला माणूस आधी रोगाचे नाव सांगत नाही. "भारी गोळी दिली" हे सांगतो. गोळी जितकी भारी तितका डॉक्टर हुशार, असा सरळ हिशेब. तो किती महागात पडतो, हे माझ्या चुलत्यांच्या पायाने मला दाखवले.

मधुमेह जुना, त्यात शेतात काटा मोडला. जखम चिघळली. तीन दवाखाने झाले, प्रत्येक ठिकाणी वेगळे प्रतिजैविक. मधे मेडिकलवाल्याने स्वतःच्या मनाने दिलेले चौथे. जरा बरे वाटले की काका गोळ्या बंद करीत आणि उरलेल्या कोनाड्यात ठेवीत. शेवटी सुमारे ५० किलोमीटरवरच्या नांदेडला एका खासगी रुग्णालयात नेले. जखमेतला पू तपासायला गेला तो तिथे, पहिल्यांदाच. तीन दिवसांनी कल्चरचा कागद आला. औषधांची लांबलचक यादी आणि जवळजवळ प्रत्येकापुढे 'आर', म्हणजे हा जंतू या औषधाला दाद देत नाही. काका वाचले, पण पायाची दोन बोटे गेली.

हा कागद महिनाभर आधी का मिळाला नाही? तालुक्याच्या डॉक्टरला तो सहसा मिळतच नाही. नमुना पाठवायचा कुठे, आणि अहवाल येईपर्यंत तापाने फणफणलेल्या रोग्याच्या नातेवाइकांना सांगायचे काय? मग तो अनेक जंतूंना एकदम मारणारे औषध अंदाजाने देतो. त्याला दोष देणे सोपे आहे; त्याच्या हाती आपण कंदील दिलेला नाही, हेही बोलले पाहिजे.

औषधाने दुबळे जंतू मरतात. दणकट उरतात आणि आपली युक्ती दुसऱ्या जातींच्या जंतूंनाही देऊन टाकतात. २०१० मध्ये 'एनडीएम-१' या नावातल्या 'नवी दिल्ली'वरून देशात केवढा गदारोळ झाला! अगदी राखून ठेवलेली औषधेही निकामी करणारी ती युक्ती होती. आपण नावावरून भांडत बसलो.

असे जंतू वाढतात ते गर्दीच्या वॉर्डात. न धुतलेल्या हातांवरून, लघवीच्या नळीवरून, शेजारच्या खाटेवरून. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ते मृत्यू या जंतूंमुळे झाले, असे मी म्हणत नाही. औषधटंचाई आणि अपुरे मनुष्यबळ यांची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण जिथे खाटा आणि माणसे कमी पडतात, तिथे प्रत्येक रोग्यामागे हात धुवायला परिचारिकेने वेळ आणायचा कुठून?

कायदा आहे. कित्येक प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवण्याचा नियम २०१४ पासून लागू आहे. पाकिटावर तांबडी रेघही असते. कंधारहून नांदेडला एसटी रोज जाते. तिच्यासोबत तालुक्याचे नमुने वैद्यकीय महाविद्यालयात गेले आणि अहवाल फोनवर आला, तर त्याला फार मोठा खर्च येऊ नये.

परवा मी काकांचा कोनाडा रिकामा करायला गेलो. काकू म्हणाल्या, "राहू दे रे, पुन्हा ताप आला तर लागतील."