यांना नाचवतंय कोण?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नैतिकतेवर विद्यापीठांतून हल्ली चर्चासत्रांचा सपाटा लागला आहे. विषय ठरलेले असतात: परीक्षेतली कॉपी, जाणाऱ्या नोकऱ्या, यंत्राचा पक्षपात. युनेस्कोच्या २०२१ च्या शिफारशींचा उल्लेख होतो, मग जेवण. वाणगाव-डहाणू पट्ट्यातला प्रश्न त्यात बसत नाही.

परवा फोनवरच्या एका ॲपला वारली पद्धतीचा तारपा नाच काढायला सांगितलं. क्षणात चित्र हजर. गेरूची भिंत, पांढऱ्या रेघा, त्रिकोणी माणसं, सगळं झकास. फक्त नाचणाऱ्यांचं कडं पुरतं बंद, आणि तारपेवाला बाहेर, झाडाखाली, पाठमोरा. खरा फेर तारपेवाल्याभोवती गोगलगाईच्या शंखासारखा वळत जातो, टोक मोकळं ठेवून. पाड्यावर चित्रं काढणाऱ्या एका मावशींना ते दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, “मग यांना नाचवतंय कोण?”

यंत्र ही चूक सुधारेल. पुढच्या वर्षी फेर बिनचूक येईल, आणि खरी पंचाईत तेव्हा सुरू होईल. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते मालावरच्या नावाला राखतं. रेघ कशी काढायची यावर त्याचा हक्क चालत नाही. कॉपीराइटचंही तसंच. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचं निधन २०१८ साली झालं. कायद्याने त्यांच्या चित्रांवरचा हक्क पुढची साठ वर्षं, म्हणजे २०७८ अखेरपर्यंत वारसांकडे आहे. पण तो त्या त्या चित्रावर, शैलीवर नाही. आणि १९७० च्या दशकात चित्रं कागदावर येण्याआधी ही कला सांभाळली कोणी? लग्नघरात तांदळाच्या पिठाने चौक लिहिणाऱ्या सवाशिणींनी. लग्न लावणारी धवलेरी गाते, चौकात पालघाट देवी बसते, आणि खाली सही कोणाचीच नसते. सही नाही म्हणून कायद्याच्या लेखी मालक नाही. आता तीच देवी यंत्राकडून काढून घेऊन उशीच्या अभ्र्यावर छापायला कोणी आडवं येणार नाही.

आपल्या बातम्या यंत्राला शिकवायला परवानगीविना वापरल्या, असं म्हणत दिल्ली उच्च न्यायालयात एएनआय वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये ओपनएआयवर दावा लावला. वृत्तसंस्थेकडे वकील असतात, बातम्यांच्या नोंदी असतात. चौक लिहिणाऱ्या बाईने काय घेऊन जायचं?

तेव्हा पुढचं चर्चासत्र तलासरीत घ्यावं. तिथे गोदावरी परुळेकरांच्या नावाचं महाविद्यालय आहे; वारल्यांना वेठीविरुद्ध उभं करणाऱ्या बाईंच्या नावाने चाललेल्या जागी फुकट राबवून घेण्याचा विषय निघाला तर वावगं नाही. तज्ज्ञांनी डहाणू लोकल धरावी, पुढे एसटी आहे. बीजभाषण धवलेरीला द्यावं, वारलीतून. दुभाषा लागेल तो प्राध्यापकांना, आणि मानधन दोघींनाही मिळावं: धवलेरीला आणि त्या मावशींनाही.