नुसता रंग पुरत नाही: मालवणच्या गंजाचा धडा
मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नट-बोल्ट गंजल्याचं पत्र बांधकाम विभागाने काही दिवस आधीच दिलं होतं.

इतक्या लवकर गंज कसा? खाऱ्या हवेतलं मीठ ओलावा धरून ठेवतं. रंगाला बारीक चीर गेली, की आतलं लोखंड गंजू लागतं. जस्ताचा थर म्हणजेच गॅल्व्हनायझिंग असेल तर ओरखड्यापाशी आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. पण किनाऱ्यावर जस्तही लवकर संपतं.

सगळं खापर गंजावर फोडता येणार नाही. पण थर कोणता, किती जाड आणि तपासणार कोण, हे टेंडरमध्येच लिहिलेलं हवं.