स्लॅबला विमा, व्यवहाराला नाही

पालघर जिल्ह्यातील नंदाखाल हे विरारच्या पश्चिम पट्ट्यातील गाव. पवित्र आत्म्याचे जुने चर्च, त्याभोवतीची वस्ती आणि बागायती ही त्याची ओळख. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली आणि या साऱ्या पट्ट्यातील नागरीकरणाला अधिकृत चौकट मिळाली. बांधकाम हा येथील रोजगाराचा मोठा आधार आहे. फलकांवर विकासकांची नावे झळकतात. प्रत्यक्ष काम मात्र उभे राहते ते बंगले बांधणाऱ्या, रस्ते व गटारांची कामे घेणाऱ्या, मोठ्या कंपनीकडून उपकंत्राट घेऊन सेंटरिंग किंवा प्लास्टर करून देणाऱ्या लहान कंत्राटदारांच्या बळावर. दोन खोल्यांचे कार्यालय, एक-दोन संगणक, एक हिशेबनीस आणि काही डझन मजूर एवढाच त्यांचा पसारा असतो. या पसाऱ्यातील खांब, स्लॅब आणि यंत्रे यांना विम्याचे कवच असते. पैसा ज्या वाटेने येतो-जातो, ती वाट मात्र उघडीच राहिली आहे.

ही वाट गेल्या दशकभरात पूर्णपणे बदलली. शासकीय व पालिकेच्या निविदा संगणकावरून भरल्या जातात, त्यावर डिजिटल स्वाक्षरी लागते, बयाणा रक्कम ऑनलाइन भरावी लागते. वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, मजुरांचा भविष्य निर्वाह निधी, सिमेंट आणि सळईच्या पुरवठादारांची देयके, सारे काही इंटरनेटवरूनच चालते. हा बदल पारदर्शकतेसाठी आवश्यक होता, याबद्दल दुमत नाही. परंतु त्यासोबत आलेली जोखीम कोणी उचलायची, या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणी दिलेले नाही.

काँक्रीटपुरते कवच

राज्य सरकारच्या बांधकाम निविदांमध्ये विम्याची अट वर्षानुवर्षे असते. कंत्राटदाराने राज्याच्या विमा संचालनालयाकडून 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' आणि कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी घ्यावी, असे त्यात बजावलेले असते. ती न घेतल्यास देयकातून रक्कम कापून घेण्याची तरतूदही असते. या सक्तीमुळेच लहानातल्या लहान कंत्राटदारालाही बांधकाम विमा ठाऊक झाला.

'ऑल रिस्क' या नावामुळे मात्र मोठा गैरसमज होतो. पूर, आग, स्लॅब कोसळणे, साहित्याची चोरी अशा भौतिक नुकसानीसाठी ही पॉलिसी आहे. संगणकातील माहिती कुलूपबंद झाली, बँक खात्यातून रक्कम गेली किंवा पुरवठादाराच्या नावाने आलेल्या बनावट ई-मेलवर विश्वास ठेवून पैसे भलत्याच खात्यात पाठवले गेले, तर सर्वसाधारणपणे या पॉलिसीचा उपयोग होत नाही. नाव 'सर्व जोखमी'चे असले, तरी संरक्षण विटा-काँक्रीटपुरतेच आहे.

हा धोका काल्पनिक नाही, हे महाराष्ट्राने दोनदा मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' नावाच्या संगणकीय विषाणूने जगभर थैमान घातले, तेव्हा जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. समूहाने आपले एकूण नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला आणि दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. त्यातील बहुतांश रक्कम २८ देशांतील एटीएममधून काढण्यात आली. या प्रकरणी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. बांधकाम क्षेत्रही यातून सुटलेले नाही. फ्रान्समधील बुईग या बलाढ्य बांधकाम समूहाला जानेवारी २०२० मध्ये खंडणीखोर विषाणूमुळे आपली संगणक यंत्रणा बंद ठेवावी लागली होती. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने तर २०२२ मध्ये केवळ बांधकाम व्यावसायिकांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली.

बांधकाम व्यवसायच लक्ष्य का होतो, याचे उत्तर त्याच्या कामाच्या पद्धतीत आहे. एकाच कामात मालक, वास्तुविशारद, मुख्य कंत्राटदार, उपकंत्राटदार आणि अनेक पुरवठादार गुंतलेले असतात. मोठ्या रकमा ठरावीक टप्प्यांवर, रनिंग बिल मंजूर होताच, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात. ई-मेलवर पाळत ठेवणाऱ्याला हे वेळापत्रक सहज कळते. मग पुरवठादाराच्या पत्त्यात एखादेच अक्षर बदलून 'आमचे बँक खाते बदलले आहे' एवढा निरोप पाठवला, की काम होते. हिशेबनीस प्रामाणिकपणे रक्कम भरतो. काही दिवसांनी खरा पुरवठादार पैशांसाठी फोन करतो, तेव्हा फसवणूक उघड होते. त्याचे देणे तर शिल्लकच राहते. गेलेली रक्कम आणि पुन्हा द्यावी लागणारी रक्कम असा दुहेरी फटका बसला, की पहिली गदा येते ती मजुरांच्या आठवड्याच्या पगारावर.

पॉलिसीच्या शब्दांत काय दडले आहे?

सायबर विमा भारतात उपलब्ध आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये या विषयावर कार्यगट नेमला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये व्यक्तींसाठीच्या सायबर विम्याची आदर्श रचना कशी असावी, याविषयी विमा कंपन्यांना मार्गदर्शन केले. व्यवसायांसाठीच्या पॉलिसी वेगळ्या असतात. माहिती परत मिळवण्याचा व तांत्रिक तपासाचा खर्च, काम बंद राहिल्याने झालेले नुकसान, खंडणीच्या प्रसंगी लागणारी मदत, इतरांची माहिती फुटल्यास होणारे दावे आणि वकिलाचा खर्च हे त्यांचे साधारण घटक असतात.

कंत्राटदाराच्या दृष्टीने कळीचा मुद्दा यापुढे सुरू होतो. त्याच्या बाबतीत संगणक यंत्रणा फोडून पैसे नेले जाण्यापेक्षा, फसवून त्याच्याच माणसाकडून पैसे पाठवून घेतले जाण्याची शक्यता अधिक. नेमकी हीच फसवणूक अनेक पॉलिसींमध्ये मूळ संरक्षणाबाहेर असते. रक्कम खातेदाराने स्वतःहून दिली, यंत्रणेत कोणी घुसले नाही, असा युक्तिवाद विमा कंपनी करू शकते. त्यासाठी वेगळे जोड-संरक्षण घ्यावे लागते आणि त्याची मर्यादा मुख्य विमा रकमेच्या मानाने बरीच कमी असू शकते. एक कोटीचा विमा घेतल्याच्या समाधानात असलेल्या कंत्राटदाराला दाव्याच्या वेळी काही लाखांचीच मर्यादा दिसावी, असे घडू शकते.

दुसरा अडसर अटींचा. प्रस्ताव अर्जात दुहेरी पडताळणी वापरता का, माहितीची प्रत वेगळी ठेवता का, खाते बदलण्याची सूचना दूरध्वनीवरून तपासता का, असे प्रश्न असतात. कमिशनच्या घाईत दलाल सगळीकडे 'होय' लिहितो आणि मालक सही करतो. विम्याचा करार परम विश्वासावर उभा असतो. चुकीचे उत्तर हे दावा नाकारण्याचे सबळ कारण ठरते. अमेरिकेत २०२२ मध्ये ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीने एका ग्राहकाने दुहेरी पडताळणीबाबत चुकीचे उत्तर दिल्याचा दावा करून न्यायालयात धाव घेतली आणि अखेर ती पॉलिसीच रद्दबातल ठरली.

तिसरा प्रश्न अपवादांचा. 'नॉटपेट्या'च्या हल्ल्यानंतर माँडलीझ या खाद्य कंपनीचा सुमारे १० कोटी डॉलरचा दावा झुरिक कंपनीने 'युद्धसदृश कृत्य' या अपवादाखाली नाकारला. हा वाद २०२२ मध्ये तडजोडीने मिटला. पाठोपाठ लंडनच्या लॉइड्स बाजाराने परकीय सत्तांच्या पाठबळाने होणाऱ्या हल्ल्यांसाठी स्पष्ट अपवाद घालण्याचे बंधन मार्च २०२३ पासून लागू केले. भारतीय विमा कंपन्याही आपल्या जोखमीचा काही भाग जागतिक पुनर्विमा बाजाराकडे सोपवतात. त्यामुळे लंडनमध्ये बदललेल्या एका कलमाचा परिणाम विरारमधील पॉलिसीपर्यंत पोहोचू शकतो.

कायद्याची वाढती जबाबदारी

विमा घ्यावा की नाही, हा प्रश्न केवळ ऐच्छिक राहिलेला नाही, कारण कायदेशीर जबाबदाऱ्या वाढत आहेत. 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवावी लागते. सूक्ष्म, लहान व मध्यम उद्योगांना यातून सूट नव्हे, तर केवळ तयारीसाठी सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत मिळाली होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, त्यातील मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांचा अवधी देण्यात आला आहे. सुरक्षेत कुचराई झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात आहे. मजुरांच्या आधार कार्डांच्या प्रती आणि बँक खात्यांचे क्रमांक हिशेबनिसाच्या मोबाइलवर साठवणाऱ्या कंत्राटदाराने याची दखल घेतलेली बरी.

बँकेकडून भरपाई मिळेल, ही आशाही मर्यादितच. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या तत्त्वानुसार चूक बँकेची असेल, किंवा चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही पण त्याने तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल, तर ग्राहकावर बोजा पडत नाही. स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान मात्र बँकेला कळवेपर्यंत ग्राहकालाच सोसावे लागते. फसवणूक लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि बँकेला कळवणे म्हणूनच महत्त्वाचे. रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवली गेली, तरच ती हाती लागण्याची शक्यता उरते.

सक्तीपूर्वी स्पष्टता

बांधकाम विम्याप्रमाणे सायबर विमाही निविदेतच सक्तीचा करावा, असा उपाय सहज सुचतो. तो आजच अमलात आणणे मात्र घाईचे ठरेल. ज्या फसवणुकीची भीती सर्वाधिक, तीच वगळणारी पॉलिसी सक्तीची झाली, तर कंत्राटदाराच्या देयकातून आणखी एक कपात होईल आणि संरक्षण कागदावरच राहील. आधी हवी ती स्पष्टता. व्यक्तींच्या विम्यासाठी नियामकाने जशी आदर्श रचना सुचवली, तशीच लहान व्यावसायिकांसाठी सुचवावी. फसवून पाठवून घेतलेल्या रकमेचे संरक्षण तिच्या मूळ भागात असावे, आणि मराठीतील सोप्या गोषवाऱ्यात ते कंत्राटदाराला कळावे. राज्याचे विमा संचालनालय हा विषय हाती घेऊ शकते. ज्या सरकारने निविदा संगणकावर आणल्या, त्याच सरकारची ती जबाबदारीही आहे. कंत्राटदारांच्या संघटना आणि वसई परिसरातील सहकारी बँका यांनी एकत्रितपणे सामूहिक पॉलिसीची बोलणी केली, तर हप्ताही आवाक्यात येऊ शकेल.

तोवर कंत्राटदाराने पॉलिसी घेताना एकच प्रश्न लेखी विचारावा : माझ्या हिशेबनिसाने फसून चुकीच्या खात्यात पैसे पाठवले, तर किती रक्कम मिळेल? उत्तर लेखी मिळत नसेल, तर त्या पॉलिसीवर विसंबू नये. आणि विमा असो वा नसो, खाते बदलल्याचा निरोप आला की पुरवठादाराच्या जुन्या, माहितीच्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. स्लॅब भरण्यापूर्वी सळईचे मोजमाप घेण्याची शिस्त या व्यवसायाने फार पूर्वी अंगी बाणवली. पैसे पाठवण्यापूर्वी खात्री करून घेण्याची शिस्तही आता तितकीच आवश्यक झाली आहे.