नववे कलम वापराविना का?

प्रति,
अध्यक्ष व सदस्य-राष्ट्रांचे प्रतिनिधी,
कार्यकारी परिषद, रासायनिक शस्त्रबंदी संघटना, हेग

सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्यहो,

रासायनिक शस्त्रांवर संपूर्ण बंदी घालणारा करार २९ एप्रिल १९९७ रोजी अमलात आला, आणि ७ जुलै २०२३ रोजी अमेरिकेच्या केंटकी राज्यातील अखेरचा साठा नष्ट झाला तेव्हा सदस्य-राष्ट्रांनी जाहीर केलेल्या ७२,००० टनांहून अधिक अस्त्रद्रव्यांची विल्हेवाट पूर्ण झाली. हे यश निर्विवाद मोठे आहे. मात्र हा हिशेब राष्ट्रांनी स्वतः भरून दिलेल्या घोषणापत्रांचा आहे. कोणी काही दडवून ठेवले असेल तर ते त्यात येत नाही, आणि प्रस्तुत पत्र त्या दडवलेल्या भागाविषयी आहे.

सीरियाचे प्रकरण परिषदेला तपशीलवार ठाऊक आहे. दमास्कसजवळच्या घौता भागात २१ ऑगस्ट २०१३ रोजी सारिन या मज्जासंस्थेवर आघात करणाऱ्या विषाने शेकडो माणसे मारली गेली, त्यानंतर आंतरराष्ट्रीय दबावाखाली सीरिया करारात सामील झाला आणि सुमारे १,३०० टन रसायने त्याने जाहीर केली, जी देशाबाहेर नेऊन नष्ट करण्यात आली. तरीही ४ एप्रिल २०१७ रोजी खान शेखून येथे पुन्हा सारिन वापरले गेले. संयुक्त राष्ट्रे व संघटना यांच्या संयुक्त चौकशी यंत्रणेने सीरिया सरकारला जबाबदार धरले, आणि त्या निष्कर्षामागे प्रयोगशाळेतले अत्यंत बारीक काम होते: सारिनच्या नमुन्यांत राहिलेल्या अशुद्धी सीरियाच्या मूळ साठ्यातील घटकद्रव्यातील अशुद्धींशी ताडून पाहिल्या गेल्या व त्या जुळल्या. रसायनशास्त्राने आपले काम चोख केले. राजकारणाने मात्र माघार घेतली, कारण त्याच वर्षी सुरक्षा परिषदेत रशियाने नकाराधिकार वापरून त्या यंत्रणेची मुदतवाढच रोखली. सीरियाचा मतदानाचा हक्क निलंबित व्हायला एप्रिल २०२१ उजाडले. त्याच्या घोषणापत्राविषयी २०१४ पासून उपस्थित झालेल्या २६ मुद्द्यांपैकी १९ मुद्दे डिसेंबर २०२४ मध्ये असद राजवट कोसळली तेव्हाही अनुत्तरित होते.

अशा संशयाच्या प्रसंगासाठीच कराराच्या नवव्या कलमात आव्हान-तपासणीची तरतूद आहे. कोणत्याही सदस्य-राष्ट्राला दुसऱ्या सदस्य-राष्ट्रातील कोणत्याही ठिकाणाची, मग ते जाहीर केलेले असो वा नसो, तपासणी मागता येते. संबंधित राष्ट्राला ती नाकारण्याचा हक्क नाही. निरीक्षक पोहोचण्यापूर्वी किमान १२ तासांची सूचना तेवढी त्याला मिळते. संवेदनशील कागद झाकणे, काही दालनांत प्रवेश मर्यादित ठेवणे, याला ‘व्यवस्थापित प्रवेश’ म्हणतात आणि त्याचीही सोय करारात आहे. मागणी थांबवायची तर परिषदेच्या ४१ सदस्यांपैकी तीन-चतुर्थांशांना १२ तासांच्या आत ती निराधार किंवा गैरहेतूची असल्याचे ठरवावे लागते, म्हणजे एकट्या बलाढ्य राष्ट्राला येथे नकाराधिकार नाही. एवढी काटेकोर तरतूद करार अमलात आल्यापासून एकदाही वापरली गेलेली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये रशियातील विरोधी नेते नवाल्नी यांच्या विषबाधा प्रकरणी ४५ राष्ट्रांनी याच कलमाखाली रशियाकडे खुलासा मागितला, रशियाने उलट प्रश्न पाठवले, आणि प्रकरण तपासणीपर्यंत गेलेच नाही.

याची कारणे उघड आहेत. निरीक्षकांना काहीच सापडले नाही तर मागणी करणारा तोंडघशी पडेल, शिवाय उद्या तीच मागणी आपल्यावर उलटेल, ही भीती सर्वांना आहे. ती समजण्यासारखी असली तरी तिच्यामुळे कराराचा भार उलट्या टोकाला पडला आहे. तारापूर किंवा लोटे परशुराम यांसारख्या औद्योगिक वसाहतींत वर्षाला २०० टनांहून अधिक विशिष्ट सेंद्रिय रसायने बनवणाऱ्या कारखान्याला भारताच्या २००० च्या कायद्यानुसार घोषणापत्र भरावे लागते आणि नियमित तपासणीची तयारी ठेवावी लागते. जिच्यावर गंभीर संशय आहे त्या राजवटीला मात्र केवळ पत्रोत्तरांवर वर्षानुवर्षे निभावून नेता येते. ही विषमता असमर्थनीय आहे.

या बाबतीत भारताची जबाबदारी विशेष आहे. रासायनिक शस्त्रे विकसित करणार नाही व वापरणार नाही, असे भारत आणि पाकिस्तान यांनी ऑगस्ट १९९२ मध्ये संयुक्तपणे घोषित केले होते, परंतु त्या घोषणेमागे पडताळणीची यंत्रणा नव्हती. भारताकडे सुमारे १,०४४ टन सल्फर मस्टर्डचा साठा असल्याचे जगाला समजले ते १९९७ मध्ये, या कराराखालील घोषणापत्रामुळे. २००९ पर्यंत तो संपूर्ण साठा निरीक्षकांच्या देखरेखीखाली नष्ट झाला. पडताळणीविना दिलेल्या शब्दाचे मोल किती, हे याहून स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. अशा राष्ट्राने जून २०१८ मध्ये, हल्ल्यामागे कोण होते हे ठरवण्याचा अधिकार संघटनेला देणाऱ्या ठरावाविरुद्ध मत द्यावे, हे खेदजनक होते. एवढा मोठा निर्णय मतविभागणीऐवजी सर्वसहमतीने व्हावा, हा आग्रह वजनदार आहे; पण सर्वसहमतीची वाट पाहताना दोषी निसटतो, हा खान शेखूनचा धडा त्याहून वजनदार आहे.

म्हणून परिषदेला विनंती आहे की पहिली आव्हान-तपासणी शत्रुत्वाच्या प्रसंगासाठी राखून ठेवू नये. भारतासह काही सदस्य-राष्ट्रांनी स्वतःच्या भूमीवर परस्परसंमतीने तिची मागणी करून घ्यावी, म्हणजे कार्यपद्धतीही कसाला लागेल आणि ती मागणे म्हणजे वैर पत्करणे ही समजूतही मोडेल. पुढील अधिवेशनात हा विषय कार्यसूचीवर घ्यावा.

कळावे.